पंचांचे अवधान : हुतूतू, खो-खो व बास्केटबॉल या खेळांतील दृष्टिविभागणीचा इतिहास

एकाच वेळी आठ गोष्टींकडे चित्त देणाऱ्या पुरुषास आपल्याकडे अष्टावधानी म्हणतात आणि त्याची स्तुती करतात. क्रीडांगणावरील पंचाकडून प्रेक्षकांची अपेक्षा बहुधा याच प्रकारची असते. चेंडू, रेषा, खेळाडूंचे हात, त्यांचे पाय, घड्याळ व गुणफलक ही सर्व एकाच दृष्टिक्षेपात त्याच्या ध्यानी यावीत, आणि न आल्यास तो पक्षपाती अगर आंधळा ठरावा, असा लोकांचा रिवाज आहे. परंतु सांघिक खेळांच्या नियमांचा इतिहास पाहिला असता निराळीच गोष्ट आढळते. ज्यांनी नियम रचले त्यांनी पंचाच्या अष्टावधानीपणावर कधीच विसंबून राहणे पसंत केले नाही. एका माणसाचे अवधान अपुरे आहे हे गृहीत धरूनच त्यांनी ते अनेकांत वाटून दिले. ही वाटणी कोणत्या तत्त्वावर करावी, एवढाच काय तो त्यांच्यापुढील प्रश्न होता. हुतूतू अथवा कबड्डी, खो-खो आणि बास्केटबॉल या तीन खेळांत या प्रश्नाची तीन भिन्न उत्तरे मिळतात. परभणी जिल्ह्यातील शालेय स्पर्धांत हे तिन्ही खेळ खेळले जातात, व त्यांत शिट्टी वाजविण्याचे काम प्रायः शाळांच्या शारीरिक शिक्षकांकडेच येते. म्हणून या तीन उत्तरांची तुलना या जिल्ह्याच्या दृष्टीने केवळ पुस्तकी कुतूहलाची बाब नव्हे.

१. गावचा पंच आणि मैदानावरचा पंच

'पंच' ही संज्ञा क्रीडेने न्यायदानाच्या क्षेत्रातून उचलली. गोतसभा व पंचायत या जुन्या संस्थांत वादाचा निर्णय अनेकांच्या मुखे होत असे. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण त्याच श्रद्धेतून आली. या न्यायपद्धतीचे वैशिष्ट्य असे की, सर्व पंच एकच हकीकत ऐकतात, एकच पुरावा पाहतात आणि मग एकमताने अगर बहुमताने निर्णय देतात. पंचांची संख्या पुष्कळ असली तरी विषय एकच असतो, आणि मतांच्या मिळणीतून निर्णयास बळ येते.

क्रीडांगणावर ही रीत जशीच्या तशी चालत नाही. घटना क्षणार्धात घडते व नाहीशी होते. ती पुन्हा सांगवून घेण्यास साक्षीदार बोलावता येत नाहीत. पाच जणांनी एकाच जागी पाहावयाचे ठरविले, तर मैदानाचा उरलेला भाग निर्नायकी पडतो. यास्तव मैदानावरील पंचांस निराळ्या जागा आणि निराळे विषय वाटून द्यावे लागतात, व एकाने जे पाहिले ते दुसऱ्याने न पाहता मानावे लागते. शब्द तोच राहिला, पण त्यातील विश्वासाचे स्वरूप पालटले. गावचा पंच आपल्या सहकाऱ्याच्या मताशी स्वतःचे मत ताडून पाहतो. मैदानावरचा पंच सहकाऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून आपली नजर दुसरीकडे वळवितो.

२. हुतूतू : एक घटना, दोन बाजू

तिन्ही खेळांत जुन्या पंचायतीशी अधिक जवळीक हुतूतूची आहे. या खेळास नियमबद्ध रूप देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत महाराष्ट्रात व बडोद्यास झाले. १९२३ साली बडोद्यास झालेल्या अखिल भारतीय स्पर्धा हा त्यातील एक महत्त्वाचा टप्पा होय. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, आणि १९९० च्या बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळास पदकाचे स्थान मिळाले.

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटरांचे असते. त्यात एका क्षणी अधिकात अधिक आठच खेळाडू परस्परांशी झुंजत असतात : एक चढाई करणारा आणि सात बचाव करणारे. एवढ्या लहान जागेसाठी एक सरपंच, दोन पंच व दोन रेषापंच असे पाच जण नेमलेले असतात. दोघे पंच मैदानाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंस उभे राहतात. चढाई एका वेळी एकच असते, त्यामुळे दोघांचे लक्ष्यही एकच. मग दोन पंच कशासाठी? कारण एवढेच की, झटापटीत एका अंगाने झाकलेला हात दुसऱ्या अंगाने दिसतो. चढाई करणाऱ्याच्या बोटांनी मध्यरेषा गाठली की नाही, निदान रेषा ओलांडली गेली की नाही, या गोष्टी देहांच्या गर्दीत एका बाजूने कळणे दुर्घट असते. पंचांचे एकमत न झाल्यास सरपंचाचा निर्णय अखेरचा.

या खेळात डोळ्यांइतकेच कानांनाही काम आहे. चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी'चा उच्चार स्पष्ट व अखंड चालू ठेवावयाचा असतो. दम सुटला हे दिसत नाही, ते ऐकावे लागते. पुढे चढाईस ३० सेकंदांची मर्यादा आली आणि दमाच्या जोडीस घड्याळही आले. तरीही मूळ तत्त्व कायम राहिले : एकच घटना, तिच्या दोन बाजू, आणि दोन्ही बाजूंनी पाहणारे दोघे.

३. खो-खो : मैदानाची वाटणी

खो-खोत प्रश्न अगदी उलट प्रकारचा आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम प्रथम सिद्ध केले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांस अधिक रेखीव रूप दिले. आजचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद, म्हणजे ४३२ चौरस मीटरांचे आहे. कबड्डीच्या मैदानाच्या तिपटीहून हे क्षेत्र मोठे. त्यात पाठलाग करणारे नऊ व पळणारे तीन असे बारा खेळाडू असतात. पळणारा मोकळ्या क्षेत्रात कोठेही जाऊ शकतो. दोन्ही पंचांनी त्याच्यावरच दृष्टी खिळवली, तर अर्धे मैदान अनाथ होईल.

म्हणून येथे वाटणी भूमीची केली आहे. दोन खांबांना जोडणारा मधला पट्टा मैदानाचे दोन भाग करतो. प्रत्येक पंच आपल्या भागाच्या बाहेरच्या कडेस उभा राहून त्या भागाचे निर्णय देतो, आणि दुसऱ्या भागात सहकाऱ्यास साहाय्य करतो. दोघांवर सरपंच असतो. वेळ व गुण यांची नोंद ठेवणारे अधिकारी निराळे. हा विभाग शेताच्या बांधासारखा आहे. बांधाच्या अलीकडचे उत्तरदायित्व एकाचे, पलीकडचे दुसऱ्याचे.

या व्यवस्थेतील खरी कुशलता मात्र बांधावर नसून बांध ओलांडण्याच्या क्षणी दिसून येते. पाठलाग करणाऱ्यास मधला पट्टा ओलांडण्याची मनाई आहे, पळणाऱ्यास नाही. पळणारा पलीकडे निसटला की पाठलाग करणारा बसलेल्या गड्यास पाठीमागून 'खो' देतो. शेजारी बसलेल्या गड्यांची तोंडे एकाआड एक विरुद्ध दिशांना असल्यामुळे, ज्यास खो मिळाला तो दुसऱ्या भागात उठून धावू लागतो. तात्पर्य, प्रत्येक खो बरोबर पाठलागाचा भार जसा एका गड्याकडून दुसऱ्याकडे जातो, तसा निर्णयाचा भारही एका पंचाकडून दुसऱ्या पंचाकडे जातो. 'खो' हा शब्द गड्यासाठी आज्ञा आहे, तर पंचांसाठी अवधान हस्तांतरित झाल्याची ती खूण आहे.

शिवाय खो योग्य झाला की नाही, हे ठरविण्यास दोघांचीही गरज पडते. देणाऱ्याचा हात एका भागात असतो, घेणाऱ्याचा पाय दुसऱ्या भागात. हात लागून शब्द उच्चारला गेला काय, हे एक पंच पाहतो. तत्पूर्वीच गडी उठला काय, हे दुसरा पाहतो. एकाच कृतीचे दोन अर्धे भाग दोघांच्या वाट्यास आलेले असतात.

४. बास्केटबॉल : चेंडू एकाचा, माणसे दुसऱ्याची

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात, डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉलचा खेळ निर्माण केला. त्याने तयार केलेले तेरा नियम जानेवारी १८९२ मध्ये विद्यालयाच्या पत्रात छापून आले. त्यांपैकी दहावा व अकरावा हे दोन नियम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे होत. दहाव्या नियमाप्रमाणे अंपायर हा माणसांचा न्यायाधीश. त्याने खेळाडूंचे फाउल टिपावे, आणि लागोपाठ तीन झाल्यास रेफरीस कळवावे. अकराव्या नियमाप्रमाणे रेफरी हा चेंडूचा न्यायाधीश. चेंडू खेळात आहे की बाहेर, तो कोणत्या पक्षाचा, गोल झाला की नाही, हे त्याने ठरवावे व वेळही सांभाळावी.

हुतूतूत घटना एकच व पाहणारे दोघे. खो-खोत भूमी दुभागलेली. नाइस्मिथच्या रचनेत या दोहोंपैकी काहीच नाही. तेथे मैदान दोघांचेही आहे, पण पाहण्याचा विषय वेगळा आहे. एकाने चेंडू पाहावा, दुसऱ्याने माणसे. ही वाटणी विषयाची वाटणी होय.

मूळ खेळात ती सुसंगतही होती. पहिल्या सामन्यात प्रत्येक पक्षात नऊ खेळाडू होते, आणि चेंडू हाती घेऊन धावण्यास मनाई होती. चेंडू मिळालेला खेळाडू जेथे तो मिळाला तेथूनच फेकीत असे. चेंडू हवेतून जाई, माणसे जमिनीवर झगडत. त्यामुळे चेंडू पाहणारा व माणसे पाहणारा यांची कामे सहज अलग राहत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच खेळाडूंनी चेंडू जमिनीवर आपटीत पुढे नेण्याची युक्ती, म्हणजे ड्रिबल, प्रचारात आणली. तेव्हापासून चेंडू आणि माणूस एकत्र धावू लागले. ड्रिबल करणाऱ्यास धक्का बसला, तर तो चेंडूचा प्रश्न की माणसाचा? नाइस्मिथची वाटणी येथे अपुरी पडली.

ड्रिबलचा खेळावर किती परिणाम झाला, हे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवरून प्रत्ययास येते. त्या वर्षी बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून प्रथम समावेश झाला, आणि खुद्द नाइस्मिथ तेथे उपस्थित होता. सामने उघड्या मातीच्या मैदानावर झाले. अंतिम सामना पावसात, चिखलात खेळला गेला. चेंडू उसळेना, ड्रिबल अशक्य झाला, आणि अमेरिकेने कॅनडास केवळ १९ विरुद्ध ८ गुणांनी हरविले. चिखलाने खेळास जणू १८९१ च्या अवस्थेस परत नेले. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले, ही घटना क्रीडेतिहासात नोंदण्याजोगी आहे. भिन्न तत्त्वांवर पंचांची योजना करणारे दोन खेळ एकाच नगरीत एकाच वर्षी जगापुढे आले.

पुढील काळात खेळाची गती वाढतच गेली. प्रत्येक गोलानंतर मध्यभागी चेंडू उडविण्याची प्रथा १९३७ च्या सुमारास बंद झाली. त्यामुळे खेळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अखंड वाहू लागला. १९५४ साली अमेरिकेतील व्यावसायिक संघांनी चेंडू फेकण्यास २४ सेकंदांची मर्यादा घातली. १९५६ साली आंतरराष्ट्रीय नियमांत ३० सेकंदांची मर्यादा आली, व ती २००० साली २४ वर उतरली. अशा वेगात एका जागी उभा राहणारा पंच निरुपयोगी ठरतो. पंचाला धावावे लागले, आणि धावता धावता वाटणी पुन्हा रचावी लागली.

दोन पंचांच्या पद्धतीत ही नवी रचना स्पष्ट दिसते. एक पंच खेळाच्या पुढे जाऊन टोपलीमागील अंत्यरेषेशी उभा राहतो. त्यास 'लीड' म्हणतात. दुसरा चेंडूच्या मागून येतो. तो 'ट्रेल'. दोघे परस्परांच्या तिरप्या समोर राहतात, जेणेकरून दहाही खेळाडू दोघांच्या मध्ये सापडावेत. अंत्यरेषा व एक बाजूची रेषा पुढच्याची, मध्यरेषा व दुसऱ्या बाजूची रेषा मागच्याची. आक्रमणाचे अर्धे मैदान मनाने सहा चौकोनांत विभागतात, आणि चेंडू ज्या चौकोनात असेल त्यावरून तो कोणाचा हे ठरते. चेंडू ज्याच्या क्षेत्रात, त्याने चेंडूभोवतीचा खेळ पाहावा. दुसऱ्याने चेंडूवरून नजर काढून चेंडूविरहित खेळाडू पाहावेत. चेंडू टोपलीकडे फेकला गेला की मागचा पंच त्याच्या हवेतील मार्गावर लक्ष ठेवतो, आणि पुढचा टोपलीखालील रेटारेटीवर.

सूक्ष्म विचार केल्यास असे दिसते की, या पद्धतीत पूर्वीच्या दोन्ही वाटण्यांचा संगम झाला आहे. क्षेत्र वाटलेले आहे, खो-खोप्रमाणे. विषयही वाटलेला आहे, नाइस्मिथप्रमाणे. फरक इतकाच की, कोणता विषय कोणाचा हे आता पदावरून ठरत नाही, चेंडूच्या जागेवरून क्षणोक्षणी ठरते. चेंडूचा न्यायाधीश व माणसांचा न्यायाधीश ही पदे उरली नाहीत. ती दोन कामे उरली, व ती दोघांमध्ये सतत अदलाबदल होत राहतात. आपापल्या कर्तव्याच्या मर्यादेत दिलेला निर्णय दुसऱ्या पंचाने रद्द करू नये अथवा त्याविषयी शंका घेऊ नये, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. येथे सहकाऱ्यावरील विश्वास हा नियमाचाच भाग झालेला आहे.

दोघांनाही हे ओझे पेलेना, तेव्हा तिसरा आला. अमेरिकेच्या एन.बी.ए. या व्यावसायिक संस्थेने १९७८-७९ च्या हंगामात तीन पंचांचा प्रयोग करून पाहिला व सोडून दिला. १९८८-८९ पासून तिने तो कायम केला. आंतरराष्ट्रीय नियमांतही मुख्य पंचाबरोबर एक अगर दोन पंच असण्याची मुभा आहे.

५. न दिसणाऱ्या गोष्टींविषयी

चेंडूवरून नजर काढण्याची ही शिस्त इतकी आवश्यक का, याचे प्रमाण मानसशास्त्राने योगायोगाने बास्केटबॉलच्याच चेंडूने दिले आहे. १९९९ साली डॅनिएल सायमन्स व ख्रिस्तोफर चॅब्रिस या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक चित्रफीत प्रयोगासाठी वापरली. तीत पांढऱ्या व काळ्या सदऱ्यांतील दोन गट चेंडू फेकीत होते. प्रेक्षकांनी एका गटाच्या फेकी मोजावयाच्या होत्या. मध्येच गोरिलाचा वेष घेतलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. त्यांचे डोळे उघडे होते, पण अवधान मोजणीत गुंतले होते.

चेंडूवर चित्त खिळलेल्या पंचाची स्थिती याहून निराळी नसते. त्याच्या दृष्टिक्षेत्रात कोपराचा धक्का बसतो, आणि तो त्याला दिसत नाही. तो खोटे बोलत नाही व पक्षपातही करीत नाही. प्रेक्षकास तो धक्का दिसतो, कारण प्रेक्षक त्या क्षणी आपल्या गावच्या खेळाडूकडे पाहत असतो.

६. परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठी खेळांचे नियम पुणे व बडोदे येथे आकार घेत होते, त्या काळात तो निराळ्या राज्यव्यवस्थेत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांसह तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९९९ साली हिंगोली जिल्हा त्यातून वेगळा झाला. आज परभणी, गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू, मानवत, सोनपेठ, पालम व पूर्णा हे नऊ तालुके त्यात आहेत. राज्याच्या शालेय क्रीडास्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग व राज्य ही चढती शिडी येथेही लागू आहे.

या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर पंचाच्या शिट्टीचे मोल अधिक आहे. राज्य वा राष्ट्रीय पातळीवरच्या सामन्यात चुकलेला निर्णय चित्रफितीवर तपासण्याची सोय असू शकते. तालुक्याच्या मैदानावर ती नसते. आणि दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना क्रीडानैपुण्याबद्दल मिळणारे सवलतीचे गुण, तसेच शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण यांकडे जाणारी वाट याच मैदानावरून सुरू होते. पालमच्या अथवा सोनपेठच्या मुलीस पुढील पायरी मिळेल की नाही, हे कधी कधी एका न दिसलेल्या धक्क्यावर अवलंबून राहते.

तिन्ही खेळांचे पंचत्व एकाच शिक्षकाकडे आल्याने त्यास तीन प्रकारच्या सवयी आळीपाळीने धारण कराव्या लागतात. हुतूतूत पूर्ण लक्ष चढाई करणाऱ्यावर एकाग्र करणे हा गुण असतो. तोच गुण बास्केटबॉलमध्ये नेल्यास चेंडूमागे डोळे धावविण्याचा दोष होतो, आणि दोन्ही पंच एकाच खेळाडूकडे पाहत राहतात. खो-खोत आपला भाग न सोडणे हा गुण. बास्केटबॉलमध्ये त्याचाच अतिरेक झाल्यास पंच एका जागी खिळतो व खेळ त्यास मागे टाकून जातो. उलटपक्षी, खो-खोच्या पंचास एक सवय आधीपासून अवगत असते, जी बास्केटबॉलच्या पंचास परिश्रमाने मिळवावी लागते : पळणारा पलीकडे गेला की त्याला सहकाऱ्याच्या स्वाधीन करून आपल्या भागातील उरलेल्या गड्यांकडे वळणे.

मैदानाच्या प्रकृतीचाही येथे विचार करावा लागतो. या जिल्ह्याची भूमी प्रामुख्याने काळी, कापसाची. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिकट होते. मातीच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषा खेळ चालू असतानाच पायांखाली पुसट होत जातात. रेषा पुसट झाली की पंचास तिच्यावर अधिक लक्ष द्यावे लागते, व तेवढे अवधान खेळाडूंवरून कमी होते. सामन्याच्या मध्यंतरात रेषा पुन्हा आखणे हे वरवर क्षुल्लक वाटणारे काम, वस्तुतः पंचाच्या दृष्टीचा काही अंश त्यास परत मिळवून देणारे असते.

सामन्यापूर्वी दोन्ही पंचांनी एकत्र बसून कोण काय पाहील हे ठरविण्याची पद्धत बास्केटबॉलमध्ये रूढ आहे. यास खर्च लागत नाही आणि साधनेही लागत नाहीत. जेथे तिसरा पंच मिळणे कठीण व चित्रफीत तर दूरच, तेथे या दहा मिनिटांचे मोल सर्वाधिक आहे.

७. समारोप

हुतूतूत एकच घटना दोन बाजूंनी पाहिली जाते. खो-खोत मैदान वाटले जाते. बास्केटबॉलमध्ये प्रथम विषय वाटला गेला, आणि पुढे विषय व क्षेत्र ही दोन्ही एकत्र वाटली गेली. तिन्ही पद्धतींच्या मुळाशी मात्र एकच मान्यता आहे : मनुष्याचे अवधान मर्यादित आहे, आणि न्याय करावयाचा तर ही मर्यादा लपवून चालत नाही. उत्तम पंच तो नव्हे, जो सर्व काही पाहतो. आपल्या वाट्याचे निष्ठेने पाहून, उरलेले सहकाऱ्यावर सोपविण्याचे धैर्य ज्याच्या ठिकाणी असते, त्यासच उत्तम पंच म्हणावे लागेल. प्रेक्षकांनीही पंचाकडे अष्टावधानी म्हणून न पाहता, दोघांतील अगर तिघांतील एक म्हणून पाहिले, तर मैदानावरील पुष्कळ कलह कमी होतील.